पट्टा संपूनही न हलणारा कारखाना आणि सरकारने घेऊन पडून राहिलेली जमीन: दोन्ही परत मिळतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगड तालुक्यात खाडीकाठी आजोबांची जमीन. 1988 साली त्यांनी त्यातला एक तुकडा बर्फाच्या कारखान्यासाठी एका कंपनीला तीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिला. 2018 ला मुदत संपली, तरी कारखाना चालूच आहे, आणि कंपनी जुन्याच दराने वर्षाचं भाडं गावातल्या काकांच्या खात्यात भरते. शेजारचे वीस गुंठे 1979 च्या सुमारास सरकारने जेटीच्या रस्त्यासाठी घेतले. रस्ता दुसऱ्याच बाजूने गेला आणि त्या वीस गुंठ्यांत आज करवंदीची जाळी माजली आहे. तुम्ही डोंबिवलीला, काका गावी. दोन्हींसाठी मिळून एकच दावा लावता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

एका दाव्यात हे बसणार नाही. गडग्याला गडगा लागून असला तरी दोन तुकड्यांचं दुखणं वेगळं आहे. कारखान्याच्या जागेवर तुमची मालकी अजून शाबूत आहे, गेला आहे तो फक्त ताबा. वीस गुंठ्यांत मालकीच गेली की काय, हा प्रश्न आहे. तो नुसत्या सातबाऱ्यावरून सुटत नाही आणि गावातल्या आठवणींवरून तर नाहीच. म्हणून पहिल्याबद्दल मी बऱ्यापैकी खात्रीने बोलू शकतो. दुसऱ्याबद्दल सगळं निवाड्याच्या, म्हणजे भूसंपादनात भरपाई ठरवणाऱ्या सरकारी आदेशाच्या, एका कागदावर अवलंबून आहे, आणि तो कागद तुम्ही अजून पाहिलेला नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

आधी कारखाना.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 111 प्रमाणे मुदतीचा पट्टा मुदत सरली की आपोआप संपतो, आणि कलम 108 प्रमाणे जागा परत ताब्यात देणं ही पट्टेदाराची जबाबदारी असते. इथवर सरळ आहे. गुंता होतो तो कलम 116 मुळे. मुदत संपल्यावर पट्टेदार बसून राहिला आणि मालकाने भाडं घेतलं किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने संमती दिली, तर पट्टा पुढे चालू राहिल्याचं धरलं जातं. वापर कसला आहे त्यावर तो वर्षावर्षाचा की महिन्यामहिन्याचा ते ठरतं. काकांच्या खात्यात पडणारी रक्कम म्हणूनच धोक्याची आहे. कंपनीचे वकील ते बँकेचं खातं पहिल्या तारखेलाच कोर्टापुढे ठेवतील आणि म्हणतील, मालक आम्हाला भाडेकरू मानतात, ही बघा कबुली.

नुसतं भाडं घेतलं म्हणजे नवा पट्टा झाला असं न्यायालयं डोळे मिटून धरत नाहीत. मालकाचा हेतू काय होता ते तपासतात. पण सगळे सहमालक वर्षानुवर्षं गप्प बसलेले असतील, तर 'पैसे फक्त काकांनी घेतले, आमची संमती नव्हती' हे म्हणणं फार लंगडं पडतं. म्हणून पहिलं काम नोटिशीचं नाही, काकांशी बोलण्याचं आहे. पुढची रक्कम एकतर परत पाठवा, किंवा कंपनीला लेखी कळवा की ही रक्कम भाडं म्हणून घेतलेली नाही, पट्टा संपल्यानंतरच्या वापराची भरपाई म्हणून, आमचे सर्व हक्क राखून घेतली आहे. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा.

त्यानंतर नोटीस. भाड्याच्या साध्या जागेला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. शेती किंवा कारखानदारीसाठी दिलेल्या जागेचा चालू राहिलेला पट्टा वर्षावर्षाचा धरला जातो आणि त्याला कलम 106 खाली सहा महिन्यांची नोटीस लागते. बर्फ बनवणं ही कारखानदारी आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल, घालणारे घालतीलही. मी अशा ठिकाणी सरळ सहा महिन्यांची देतो. सहा महिने जास्त थांबलेलं बरं, पण पुढे अपिलात नोटीसच चुकीची ठरून पुन्हा पाटी कोरी व्हायला नको. 2002 च्या दुरुस्तीनंतर नोटिशीतली मुदत थोडी कमी पडली तरी तेवढ्यावरून दावा बुडत नाही, दावा मात्र कायद्याने दिलेली मुदत उलटल्यानंतर लावलेला हवा. मजकुरात दोन गोष्टी हव्यात: पट्टा 2018 मध्ये मुदतीने संपला आहे हे आमचं मुख्य म्हणणं, आणि तो चालू राहिला असं कोणी म्हणालंच, तर या नोटिशीने तोही संपवत आहोत. मुख्य म्हणणं सोडायचं नाही, आणि पर्यायी म्हणणं विसरायचं नाही.

पट्ट्याची मूळ प्रत घरी नसेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढा आणि तीन कलमं शोधा. एक, नूतनीकरणाचं. 'पट्टेदाराच्या इच्छेनुसार आणखी तीस वर्षं' असं काही असेल, तर ती इच्छा कंपनीने मुदतीत आणि लेखी कळवली होती का? कळवली नसेल तर आज त्या कलमाचा आधार घेणं त्यांना जड जाईल. दोन, बांधकामाचं. कायद्याप्रमाणे पट्टेदाराला स्वतः उभारलेलं काढून नेता येतं, पण ताबा आहे तोवरच. करारात वेगळं ठरलं असेल तर करार चालतो. तीन, नेमकं भाड्याने दिलं काय होतं, मोकळी जमीन की शेडसकट जागा?

हे तिसरं कलम भाडे नियंत्रणासाठी महत्त्वाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 इमारतींना आणि इमारतींच्या भागांना लागू आहे. जुन्या मुंबई भाडे कायद्यात बिगरशेती मोकळी जमीनही येत असे, नव्या व्याख्येत ती राहिली नाही. शिवाय तो कायदा अनुसूचीत घातलेल्या क्षेत्रांपुरताच आहे, तेव्हा तुमचं गाव त्यात आहे का ते पाहावं लागेल. आणि कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा जास्त असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षणच नाही. हा आकडा कंपनी निबंधकाच्या नोंदीत मिळतो, दावा लावण्याआधी काढून ठेवा. भाडे कायद्यातून बाहेर असलेल्या पट्टेदाराला काढायला 'मला गरज आहे' हे सिद्ध करावं लागत नाही. मुदत संपली एवढंच पुरतं.

कोकणात जमीन दुसऱ्याच्या हातात आहे म्हटलं की पहिली धास्ती कुळाची. ती उगाच नाही. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसणारी कुळं मालक मानली गेली आणि खोतीच्या पाठोपाठ अनेक घरांची भातशेती त्यात गेली. पण कूळ व्हायला जमीन कसावी लागते, बर्फ करणारी कंपनी कूळ होत नाही. पट्ट्याच्या हद्दीत माड किंवा कलमं असतील आणि कंपनीचा माणूस त्यांची राखण करत असेल, तर मात्र सातबाऱ्याचं 'इतर हक्क' आणि पीक पाहणी आजच बघून घ्या. कुळाचा मुद्दा एकदा निघाला की दिवाणी न्यायालय तो स्वतः ठरवू शकत नाही, कुळकायद्याच्या कलम 85-अ खाली तो तहसीलदाराकडे जातो आणि मूळ दावा तोवर ताटकळतो.

आंब्याच्या बागा मक्त्याने देणाऱ्यांसाठी जाता जाता एक सांगतो. शेतजमिनीवरचा कुळाचा किंवा दुसऱ्याचा हक्क संपल्यामुळे ताबा मिळायला हवा असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे झटपट अर्ज करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. तुमच्या कारखान्याला हे लागू नाही.

मुदतीचं गणित. मालकाने पट्टेदाराकडून ताबा मागण्याची मुदत पट्टा संपल्यापासून बारा वर्षं आहे, मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 67 प्रमाणे. तुमच्यासाठी ही तारीख 2030 मध्ये येते. मध्ये भाडं घेतल्यामुळे ती पुढे सरकली असा युक्तिवाद होईल, पण त्या भरवशावर राहू नका. एकीकडे पट्टा संपला म्हणायचं आणि दुसरीकडे तो चालू होता म्हणून मुदत वाढली म्हणायचं, हे न्यायाधीशासमोर फार काळ टिकत नाही.

कुलूप फोडून, वीज तोडून किंवा वाटेवर चिरे रचून ताबा घेण्याचा सल्ला तुम्हाला गावातच कोणीतरी देईल. चतुर्थीला सगळे चाकरमानी जमले की या सल्ल्याला हमखास जोर चढतो. ऐकू नका. मुदत संपलेल्या पट्टेदारालाही कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढावं लागतं. जबरदस्ती केलीत तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, आणि तिथे तुमच्या मालकीची चौकशीसुद्धा होत नाही. एका दापोलीकर कुटुंबाचं असं झालेलं मी जवळून पाहिलं. भावांनी उत्साहात गोदामाला स्वतःचं कुलूप घातलं, आणि नंतर मालकीच्या दाव्याऐवजी त्या कुलपावरच वर्षं गेली.

दाव्यात ताब्याबरोबर मधल्या काळाच्या वापराची भरपाईही मागा, बाजारभावाने. कंपन्यांना नोटिशीपेक्षा हा आकडा लवकर समजतो. आज ती जुन्या दराने बसून आहे, कारण तिला उशीर फुकट पडतो.

पाडापाडीची घाई नको. किनाऱ्याजवळच्या बांधकामांवर बंधनं घालणारी किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची आहे. तुमच्या कारखान्याची शेड 1988 च्या पट्ट्यानंतर लगेच उठली असेल, तर ती त्याआधीची. परवानगीने झालेली असेल तर दुरुस्तीला तुलनेने वाव असतो. पाडून नवं बांधायचं म्हटलं तर खाडीच्या भरतीरेषेपासूनचं अंतर आडवं येईल आणि हातात मोकळा, पण बांधता न येणारा तुकडा राहील. म्हणून ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा जुना उतारा आणि बांधकाम परवानगी आत्ताच काढून ठेवा. तडजोडीत कंपनी 'आमची शेड आम्ही काढून नेतो' म्हणाली, तर ते उपकार समजू नका.

आता वीस गुंठे.

'जमीन ज्यासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही, म्हणजे परत मिळालीच पाहिजे' असं जवळजवळ प्रत्येक जण मला सांगतो. न्याय म्हणून मलाही ते पटतं. कायदा तसा नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा होऊन कलम 16 प्रमाणे ताबा घेतला गेला, की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारची होते. मग तिथे रस्ता झाला, दुसरं काही झालं किंवा करवंदं उगवली, तरी मूळ मालकाचा हक्क परत जिवंत होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलं आहे.

लोक 2013 च्या नव्या कायद्याची दोन कलमं घेऊन येतात. कलम 101 म्हणतं की ताबा घेतल्यापासून पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा वारसांना परत करावी, किंवा सरकारी भूमी बँकेत जमा करावी. त्यातला 'किंवा' विसरू नका. शिवाय ते कलम नव्या कायद्याखालच्या संपादनासाठी आहे, 1979 च्या नाही. दुसरं कलम 24(2): नवा कायदा 1 जानेवारी 2014 ला लागू झाला, त्याआधी पाच वर्षं किंवा जास्त जुना निवाडा असेल आणि ताबा घेतला नसेल किंवा भरपाई दिली नसेल, तर संपादन रद्द झाल्याचं मानायचं. या कलमावर मधल्या काळात खूप जणांना जमिनी परत मिळाल्या. मग 6 मार्च 2020 ला इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की दोन्ही गोष्टी झालेल्या नसल्या तरच संपादन रद्द. ताबा घेतला असेल, अगदी पंचनाम्याने कागदोपत्री का होईना, किंवा पैसे दिलेले अथवा सरकारी तिजोरीत भरलेले असतील, तर नाही. तो दरवाजा आता जवळजवळ बंद झाला आहे.

तरीही आशा सोडू नका, कारण कोकणातल्या जुन्या रस्त्यांच्या जमिनींत तिसरी एक शक्यता नेहमी असते: संपादन झालंच नव्हतं. सर्व्हेअर आला, खुणा मारल्या, सरपंचाने घरोघरी संमतीच्या कागदावर अंगठे घेतले, काम सुरू झालं. निवाडा नाही, पैसे नाहीत. तसं असेल तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. संपत्तीचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, पण अनुच्छेद 300-अ आहेच: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. हिमाचलात 1967 साली रस्त्यासाठी अशीच घेतलेली एका निरक्षर वृद्धेची जमीन, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं की सरकारला प्रतिकूल ताब्याने, म्हणजे नुसता वर्षानुवर्षं कब्जा ठेवून, नागरिकाच्या जमिनीचं मालक होता येत नाही. त्याआधी 2012 मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या, औद्योगिक वसाहतीसाठी 1964 च्या सुमारास भरपाईविना घेतलेल्या जमिनीचं प्रकरण होतं. तिथेही 'मालक फार उशिरा आले' हा सरकारचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा मिळते ती भरपाई. तुमच्याकडे मात्र रस्ता झालेलाच नाही, त्यामुळे जमीनच मागायला जागा आहे.

म्हणून कागद शोधा. या क्रमाने: 1975 ते 1985 चे जुने सातबारे आणि फेरफार, भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे या सर्व्हे नंबरचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप (क्षेत्र कमी-जास्त झाल्याची नोंद), प्रांत कार्यालयात भूसंपादनाची फाइल, त्यातली कलम 4 ची अधिसूचना, संयुक्त मोजणीचा नकाशा, कलम 11 चा निवाडा, कलम 12(2) च्या नोटिशीची पोहोच, कब्जेपावती आणि रक्कम वाटल्याचं पत्रक. कजाप झालेलं नसेल आणि सातबाऱ्यावर आजही आजोबांचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून असेल, तर तो चांगला शकुन आहे, पुरावा नाही. फेरफाराने मालकी येत नाही तशी जातही नाही.

एक गोष्ट डोंबिवलीहून लक्षात येणार नाही. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधी देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होतं. 1979 ची फाइल ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयात, 'आढळून येत नाही' असं लेखी उत्तर आलं तर हार मानू नका, रत्नागिरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचाच तर 'माझ्या जमिनीचं काय झालं' असं विचारू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा, गाव, अंदाजे वर्ष आणि हव्या त्या कागदाचं नाव लिहा.

निवाडा सापडला आणि आजोबांनी पैसे घेतल्याची सही सापडली, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या वीस गुंठ्यांसाठी वकिलाला पैसे देऊ नका. तिथे कुंपणही घालू नका, ते अतिक्रमण होईल. निवाडा नाही असं सक्षम कार्यालयाने लेखी दिलं, तर आधी शासकीय मोजणी करून घ्या आणि मग जमीन परत किंवा नव्या कायद्याने भरपाई अशी रिट याचिका करा. ती आता मुंबईला नाही. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. दिवाणी दावाच लावायचा ठरला तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

एमआयडीसीने घेतलेल्या जमिनींचं कोणी विचारलं तर वाट आणखी वेगळी. तिथे 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. उद्योजकाला भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याने मिळतो, आणि त्याने काही उभारलं नाही तर तो परत जातो महामंडळाकडे, शेतकऱ्याकडे नाही. नाणारच्या रिफायनरीचं उदाहरण लोक देतात, पण तिथे 2019 साली अधिसूचनाच मागे घेतली गेली. संपादन पुरं झालेलं नव्हतं म्हणून जमिनी लोकांकडेच राहिल्या.

वेळेचा प्रश्न. ताब्याच्या दाव्याला तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं अपील, मग दरखास्त (निकालाची अंमलबजावणी) असं सगळं धरून नेमका आकडा सांगणाऱ्या वकिलावर मी विश्वास ठेवणार नाही. वेळ सर्वांत जास्त खातो तो विरोधी पक्ष नाही, आपलीच भावकी. एक सहमालक पट्टेदाराविरुद्ध दावा लावू शकतो, सगळे वादी असायलाच हवेत असं नाही. पण एखाद्या सहमालकाने कोर्टात येऊन 'माझी हरकत आहे, मला कंपनी चालते' असं सांगितलं, की डाव फिरतो. म्हणून आजोबांच्या सगळ्या वारसांची नोंद आधी पुरी करून घ्या, आत्यांची आणि त्यांच्या मुलांचीही. सासरी गेलेल्या मुलींना वगळून केलेले वारसतपास पुढे हमखास उघडे पडतात.

काकांना आरोपीसारखं नोटिशीत ओढू नका. घेतलेल्या भाड्याचा हिशेब भाऊबंदांत बसून मिटवा आणि त्यांचं लेखी घ्या की पैसे त्यांनी सर्वांच्या वतीने, हक्क राखून घेतले. हे कंपनीच्या वकिलाआधी झालं पाहिजे. ते काकांकडे गेले तर पुढच्या तीस वर्षांच्या करारावर सही मागतील, आणि काकांनी ती केली तर तुमचा दावा भाऊबंदांतला दावा होईल.

आणि खरंच कारखाना हलवायचाच आहे का, हेही घरात ठरवा. बंदरातल्या होड्यांना बर्फ लागतोच, तिथे दुसरा पट्टेदार शोधाल तोही हेच करेल. नोटीस गेल्यावर कंपनी बोलायला आली, तर बाजारभावाने, दर तीन वर्षांनी वाढ असलेला, नूतनीकरणाचं कलम नसलेला नवा पट्टा हा वाईट शेवट नाही. मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे चढतं: पाच वर्षांवर दहापर्यंत बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवर, दहाच्या वर एकोणतीसपर्यंत 50 टक्क्यांवर, त्यापुढे 90 टक्क्यांवर. दहा वर्षांवर थांबा. पैसे सर्व सहमालकांच्या नावाच्या एकाच खात्यात येतील असं करारातच लिहून घ्या.